विश्वासाबरोबर मनानेही वाढायचं तर: गावातल्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

रविवारी ज्याच्या प्रार्थनेला सगळी मंडळी मोठ्याने ‘आमेन’ म्हणते, तोच माणूस सोमवारी भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून ताट सरकवून उठतो. बायको खाली मान घालून ताट उचलते, लेकरं पुस्तकात तोंड खुपसतात. त्याला ढोंगी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण बहुतेकदा तो ढोंगी नसतो. त्याने वचनं पाठ केली, उपास केले, दशांश दिला. राग, भीती, लाज यांचं देवापुढे आणि माणसांपुढे काय करायचं, एवढं मात्र त्याला कोणी शिकवलं नाही.

प्रेषित पौलापुढे अशीच मंडळी होती. करिंथच्या विश्वासणाऱ्यांना कोणत्याही कृपादानाची उणीव नाही, असं तो पहिल्या पत्राच्या सुरुवातीलाच लिहितो. तरी तिसऱ्या अध्यायात त्यांना ‘ख्रिस्तातली बाळं’ म्हणतो, अजून दूधच पाजावं लागतं म्हणतो. आणि त्याचं कारण देतो ते हे, की तुमच्यात हेवा आणि कलह आहे. विश्वासातलं वय त्याने भांडणावरून मोजलं. हे माप लावलं तर वाशीम-बुलढाण्याकडची नाझरीन मंडळी असो, अकोला-अमरावतीकडची अलायन्स असो, यवतमाळची फ्री मेथोडिस्ट असो की नागपूरकडची सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), सगळ्यांनाच जरा खाली बसून विचार करावा लागेल.

भावना न येणं म्हणजे प्रौढपणा, हा गैरसमज आधी काढून टाकू. येशू लाजराच्या कबरेपाशी रडला (योहान 11:35). सभास्थानातल्या लोकांच्या कठोर मनाचं दुःख होऊन त्याने त्यांच्याकडे रागाने पाहिलं, आणि लगेच वाळल्या हाताचा माणूस बरा केला (मार्क 3:5). गेथशेमाने बागेत त्याने तीन शिष्यांना सरळ सांगितलं, की माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, इथे राहा, माझ्याबरोबर जागे राहा. राग आला तो कुणाला तरी बरं करण्याकडे वळला. दुःख झालं ते त्याने बोलून दाखवलं आणि सोबत मागितली. आपल्याला शिकायचं आहे ते एवढंच, पण ते शिकायला वेळ लागतो.

कधी आणि कशी सुरुवात करावी

मृगाच्या तोंडावर किंवा ऐन वेचणीत सुरू केलेलं हे काम आठवड्याभरात बंद पडतं. शेवटची वेचणी आटोपली, तूर घरात आली, की लेंटचे (ईस्टरआधीच्या उपासाचे) 40 दिवस आणि त्यापुढच्या उन्हाळ्याच्या संध्याकाळी हा चांगला काळ. ज्या मंडळ्या लेंट पाळत नाहीत त्यांनी होळीनंतरचा पहिला रविवार धरावा. 12 आठवडे लागतात असं समजून चला. लागतं काय, तर 100 पानी वही, पेन, पवित्र शास्त्र आणि रोजची 10 मिनिटं. आठवड्यातून 4 दिवस जमलं तरी पुरे. सातही दिवस करीनच असा नेम धरणारे बहुधा दुसऱ्या आठवड्यात सोडून देतात.

पहिली पायरी: ‘टेन्शन’ हा शब्द दोन आठवडे बाजूला ठेवा

सोयाबीनचा भाव पडला, टेन्शन. पोरीचं कुठे जमत नाही, टेन्शन. भावाने धुरा (शेताचा बांध) कोरला, टेन्शन. डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली, टेन्शन. एकाच शब्दात इतकं कोंबलं की आत नेमकं काय आहे ते स्वतःलाही कळत नाही, मग प्रार्थनाही ‘देवा, टेन्शन दूर कर’ एवढीच होते. भाव पडला तिथे भीती आहे. पोरीच्या बाबतीत लोक काय म्हणतील याची लाज असेल, किंवा तिची काळजी. धुऱ्याच्या बाबतीत राग आहे, आणि त्याखाली लहानपणी एका ताटात जेवलेला भाऊ असा वागला याचं दुःख. प्रत्येकाची प्रार्थना वेगळी आणि उपायही वेगळा.

दोन आठवडे ‘टेन्शन’ तोंडावर आलं की थांबायचं आणि दुसरा शब्द शोधायचा. आपल्या बोलीत शब्दांची कमी नाही: जिवाला घोर लागणं, काळीज धडधडणं, अंगाची लाही होणं, मनात खदखदणं, जीव उडणं, हुरहूर, कसंनुसं होणं, मन मोडणं, तोंड दाखवायची लाज वाटणं. ही यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

रात्री जेवणं झाल्यावर तीन गोष्टी लिहायच्या. काय घडलं, अंगात कुठे जाणवलं, आणि देवाला मी आता काय म्हणतो. नोंद अशी असते:

‘दुपारी 2. सोसायटीत गेलो. थकबाकीदारांची यादी भिंतीवर, माझं नाव चौथं. मागे दोघं उभे होते. कान गरम झाले, हात खिशात घातले. घरी आलो अन् पोरावर चपलेवरून ओरडलो. देवा, मले त्या यादीची लाज वाटली. पोरानं काही केलं नव्हतं.’

शेवटची दोन वाक्यं नीट वाचा. सोसायटीतली लाज घरी येईपर्यंत राग झाली आणि ज्याचा काही संबंध नाही त्याच्यावर निघाली. हे कागदावर आलं तर दुसऱ्या दिवशी बाप पोराला जवळ घेऊ शकतो. नाहीतर पोरगं फक्त एवढंच शिकतं, की बाप गावातून आला की लांब राहायचं. राग दिसला की त्याच्याखाली काय आहे, हे विचारायची सवय लावा. कधीकधी खाली दुसरं काही नसतं, अन्याय झालेला असतो आणि राग रास्त असतो. त्याचं पुढे सांगितलं आहे.

लाज आणि अपराधीपणा या दोन शब्दांत गल्लत होऊ देऊ नका. ‘मी खोटं बोललो’ हा अपराधीपणा. त्यावर पापाची कबुली आणि क्षमा हा सरळ मार्ग आहे. ‘मी नालायकच आहे’ ही लाज. तिच्यावर कितीही वेळा पापांगीकार केला तरी ती जात नाही, कारण ती एखाद्या कृत्याबद्दल नसतेच. कर्ज थकलेल्या माणसाला मंडळीत पश्चात्तापाचा उपदेश करत बसणं ही फार मोठी चूक आहे. पाऊस न येणं हा त्याचा अपराध नाही. पेत्राने तीनदा नाकारलं तो खरा अपराध होता, आणि तरी किनाऱ्यावर येशूने आधी विस्तवावर मासे आणि भाकर तयार ठेवली, ‘या, न्याहारी करा’ म्हणाला. विचारायचं ते जेवणानंतर विचारलं (योहान 21).

इथे काय बिघडतं? वही चार दिवसांत दुसऱ्यांच्या चुकांची नोंदवही होते. प्रत्येक नोंदीत ‘मला’ हा शब्द आहे का, हे पाहत राहा. काहींची वही प्रवचन होते, तीन ओळींत पाच वचनं. वचन जरूर लिहा, पण आधी काय वाटलं ते. आणि वही कुणी वाचेल ही भीती असेल तर कोणी खरं लिहीत नाही, म्हणून घरात एकमेकांची वही उघडायची नाही हा नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर ठरवावा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शेताच्या वाटेवर मोठ्याने बोलावं. तेही तितकंच चालतं.

दुसरी पायरी: देवापुढे गाऱ्हाणं मांडायला शिका

आपल्याकडच्या प्रार्थनासभांत साक्ष म्हणजे विजयाचीच. आजार गेला, नोकरी लागली, हालेलूया. ज्याचा आजार गेला नाही तो मागच्या रांगेत गप्प बसतो आणि काही महिन्यांनी यायचा थांबतो. पण स्तोत्रसंहितेत गाऱ्हाण्याची स्तोत्रं ढिगाने आहेत. विलापगीत नावाचा आख्खा ग्रंथ पवित्र शास्त्रात आहे.

13 वं स्तोत्र नमुना म्हणून घ्या. फक्त 6 ओवी आहेत. पहिल्या दोनमध्ये दावीद चार वेळा ‘कोठवर’ विचारतो. पुढच्या दोनमध्ये मागणं आहे. शेवटच्या दोनमध्ये भरवसा. तेच तीन भाग घेऊन आपलं स्वतःचं लिहायचं. दुबार पेरणी मोडलेल्या शेतकऱ्याचं असं होईल:

‘देवा, कुठवर? दुसऱ्यांदा पेरलं, दुसऱ्यांदा मोडलं. कुठवर मी कृषी केंद्राच्या पायरीवर उधारीसाठी उभा राहू? कुठवर बायकोपासून आकडा लपवू? तुले दिसते ना?

पोराच्या फीची सोय कर. मले रात्री झोप येऊ दे. आकडा सांगायचं बळ दे.

मागच्या दुष्काळात तू चूल विझू दिली नाहीस. ते मी विसरलो नाही.’

पहिला भाग सगळ्यात लांब असू द्या. हमखास होणारी चूक म्हणजे पहिला भाग एका ओळीत उरकून तिसऱ्यावर उडी मारणं, कारण तक्रार केली तर विश्वास कमी ठरेल अशी भीती असते. 88 वं स्तोत्र तर भरवशाच्या ओळीपर्यंत पोचतही नाही, अंधारावरच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. ज्या दिवशी तिसरा भाग मनातून येत नाही त्या दिवशी तो लिहू नका.

दुसऱ्याच्या विलापावर लगेच आनंदाचं गीत सुरू करण्याबद्दल नीतिसूत्रे 25:20 मध्ये फार बोचरी उपमा आहे. खिन्न माणसापुढे गाणी गाणं म्हणजे थंडीच्या दिवशी त्याच्या अंगावरचं वस्त्र काढणं, सोड्यावर शिरका ओतणं. गायनमंडळाच्या प्रमुखाने हे वचन पेटीवर चिकटवून ठेवावं.

तिसरी पायरी: राग आल्यावर काय करायचं

‘तुम्ही रागावा, परंतु पाप करू नका’ (इफिस 4:26). रागावण्याची मुभा इथे आहे. रागावून पाप न करता काय करता येतं, ते नहेम्याच्या 5 व्या अध्यायात इतकं स्पष्ट आहे की विदर्भातल्या शेतकरी मंडळीला तो अध्याय पाठ असायला हवा.

गोष्ट अशी. दुष्काळात लोकांनी धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकली. काहींनी राजाचा कर भरायला कर्ज काढलं. मुलं-मुली गुलामीत द्यायची वेळ आली, आणि सावकार कोण, तर त्यांचेच भाऊबंद. हे ऐकून त्यांचा सुभेदार नहेम्या याला फार संताप आला. पुढचं वाक्य महत्त्वाचं आहे: त्याने आपल्या मनाशी विचार केला. मग तो त्याच महाजनांशी आणि अधिकाऱ्यांशी बोलला, दुसऱ्या कुणाकडे चुगली केली नाही. मोठी सभा भरवली. काय चुकतंय ते नेमकं सांगितलं. ‘मी आणि माझे भाऊबंदही पैसा आणि धान्य उसनं देतो’ हे स्वतःच्या तोंडाने कबूल केलं आणि ‘आपण हे व्याज सोडून देऊ’ म्हणाला. शेतं, मळे, घरं आजच परत करा, असं मागणं ठेवलं. त्यांनी हो म्हटल्यावर याजकांना बोलावून त्यांच्याकडून शपथ घेतली, नुसत्या होकारावर सोडलं नाही.

हाच क्रम धुऱ्याच्या वादाला लावून पाहू. सकाळी शेतात गेलात, भावाने नांगर घालून धुरा दोन हात आत घेतलेला दिसला.

त्या क्षणी बोलायचं नाही. संतापलेलं अंग निवायला साधारण 20 मिनिटं ते अर्धा तास लागतो. तेवढ्यात गाडी चालवू नका, फोन लावू नका, गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक अक्षर टाकू नका. चाला, पाणी प्या, तोंडावर पाणी मारा. मनात भांडणाची उजळणी करत चाललात तर अंग निवत नाही, म्हणून पावलं मोजा किंवा पाठ असलेलं एखादं स्तोत्र म्हणा.

मग मनाशी विचार: मला नेमकं काय हवं आहे? धुरा जुन्या जागी हवा आहे, की भावाची जिरवायची आहे? माझ्याकडून आधी काही झालं आहे का? मागच्या वर्षी त्याच्या विहिरीचं पाणी घेतलं आणि लाइटबिलाचा वाटा दिला नाही, असं काही? असेल तर ते आधी बोलायचं.

त्यानंतर एकट्याने भेट, मत्तय 18:15 प्रमाणे. दारू पिण्याच्या वेळी नाही, त्याच्या बायको-लेकरांसमोर नाही. बोलणं असं: ‘दादा, विहिरीच्या बिलाचे पैसे माझ्याकडून राहिले, हे घे. धुरा दोन हात आत आला आहे. मले त्याचा राग आला अन् वाईटही वाटलं. आपण दोघं मिळून जुन्या खुणेवर दगड लावू, शनिवारी येशील?’ यात ‘तू नेहमीच असा’ नाही, ‘बाबा असते तर’ नाही, वहिनीचा उल्लेख नाही. नाही जमलं तर एक-दोन साक्षीदार घेऊन जायचं, मग मंडळीचे वडील. तरीही नाही तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा. कायदेशीर मोजणी मागणं हे अविश्वासाचं लक्षण नाही. मोजणीने पुढच्या पिढीचं भांडण वाचतं.

त्याच वचनात पुढे, तुम्ही रागात असताना ‘सूर्य मावळू नये’ असं आहे. या शब्दांचा एक दुरुपयोग घरोघर चालतो. रात्री 11 वाजता नवरा बायकोला म्हणतो, वचनात लिहिलं आहे, आत्ताच्या आत्ता माफ कर. ते वचन रागावलेल्याने स्वतःच्या रागाला लावायचं आहे, दुसऱ्याचा हात पिरगाळायला नाही. सूर्य मावळायच्या आत सगळं मिटलंच पाहिजे असंही नाही. ‘मला अजून वाईट वाटतं आहे, उद्या सकाळी चहाच्या वेळी बोलू’ एवढं ठरलं तरी राग उघड्यावर राहत नाही.

अबोला धरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: शांत होण्यासाठी बाजूला जाणं आणि शिक्षा म्हणून गप्प बसणं यात फरक एका वाक्याचा आहे. ‘मी अर्ध्या तासाने येतो, मग बोलू’ हे वाक्य बोललं आणि पाळलं, तर ते बाजूला जाणं. न सांगता तीन दिवस लेकरांच्या मार्फत निरोप पाठवणं हा मार आहे, फक्त त्याचा वळ दिसत नाही.

चौथी पायरी: माफी मागणं आणि माफ करणं

‘काही चुकलं असेल तर माफ करा’ ही माफी नाही. ‘असेल तर’ म्हणजे चुकलं नाहीच. नीट मागितलेल्या माफीत चार गोष्टी येतात: मी काय केलं ते नेमकं, त्याने तुला काय झालं, सबब न सांगता ‘माझं चुकलं’, आणि मी ते कसं भरून देणार. जक्कयाने चौपट परत देण्याचा शब्द दिला (लूक 19:8). दहा जणांसमोर अपमान केला असेल तर माफी त्याच दहा जणांसमोर. बापाने लेकराची माफी मागितली तर धाक जातो असं गावात मानतात. जातो तो दरारा. लेकरू जवळ येतं.

माफ करणं, समेट होणं आणि पुन्हा भरवसा ठेवणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. माफी एकटा माणूस देवापुढे देऊ शकतो. समेटाला दोघं लागतात. भरवसा हळूहळू, वागणं बघून येतो. मंडळीत या तिन्ही एकत्र करून दुखावलेल्यावर लादतात, आणि त्याची सर्वात मोठी किंमत बायका मोजतात. नवरा मारतो अशी बाई पाळकांकडे आली तर ‘प्रार्थना कर, अधीन राहा’ म्हणून तिला त्याच घरी परत पाठवू नये. आधी तिची आणि लेकरांची सुरक्षित जागा बघावी, 181 या महिला हेल्पलाइनला किंवा तातडी असेल तर 112 ला फोन करायला मदत करावी. नवऱ्याचं समुपदेशन वेगळं, नंतर. त्याने एकदा रडून वेदीपुढे गुडघे टेकले, एवढ्यावरून काही ठरवू नये.

पाचवी पायरी: आपलं ओझं कोणतं, दुसऱ्याचं कोणतं

गलतीकरांस पत्राच्या 6 व्या अध्यायात दुसऱ्या वचनात ‘एकमेकांची ओझी वाहा’ आहे आणि पाचव्यात प्रत्येकाने आपला भार वाहावा असं आहे. मूळ ग्रीकमध्ये शब्द दोन आहेत. पहिला ‘बारोस’, चिरडून टाकणारं वजन. दुसरा ‘फोर्तिऑन’, ज्याने त्याने आपलं वाहून न्यायचं गाठोडं. घरात मयत झालं, आग लागली, दवाखान्याचं बिल आलं, हा बारोस, तिथे सगळ्यांनी खांदा द्यायचा. धडधाकट पुतण्याची मोटारसायकलची ईएमआय हे त्याचं गाठोडं.

जामीन राहण्याबद्दल नीतिसूत्रे 6:1-5 जितकं कडक आहे तितकं क्वचितच कशाबद्दल असेल. अडकला असशील तर झोपू नकोस, हरिणासारखा स्वतःला सोडव, म्हणतं. तरी ‘नाही कसं म्हणू, आपलाच आहे’ म्हणून सही करणारे आणि मग दहा वर्षं मनात कुढणारे प्रत्येक मंडळीत आहेत. न कुढता जेवढं देता येईल तेवढंच द्यावं. नाही म्हणायचं वाक्य आधीच घोकून ठेवलेलं बरं: ‘भाऊ, सही मी करणार नाही. दोन हजार रुपये देतो, परत नको.’ कारणांची रांग लावू नका, प्रत्येक कारणाला उत्तर निघतं.

विसावाही यातच येतो. झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं (1 राजे 19). प्रश्न पुष्कळ दिवसांनी, होरेबच्या गुहेत आला. मनाची अर्धी चिडचिड झोपेची आणि जेवणाची असते. पोळ्याच्या आदल्या दिवशी गावात बैलांचे खांदे शेकतात, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हणतात. ख्रिस्ती घरात पूजा होत नसेल, पण तुझ्या बैलाला आणि गाढवाला विसावा मिळावा हे निर्गम 23:12 मध्ये मोशेच्या नियमात लिहिलेलं आहे. बैलाला जूवातून सोडायला चुकत नाही तो शेतकरी बायकोला आठवड्यातून एक संध्याकाळ चुलीपासून सोडतो का, हे त्याने बघावं. आणि मंडळीनेही बघावं: दर सभेला पाहुणे सेवकांचा स्वयंपाक त्याच दोन घरांवर का?

सहावी पायरी: दुसऱ्याच्या दुःखात जाणं

ईयोबाच्या मित्रांनी सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसून एक शब्द उच्चारला नाही, तोवर ते योग्य वागले. बोलायला लागले आणि बिघडलं. दुःखाच्या घरी जाताना डब्यात भाजी-भाकरी न्या, ओसरीवर बसा, अर्ध्या तासात उठा. ‘देवाची इच्छा’, ‘आता रडू नको, तो देवाजवळ आहे’, ‘तुझं बरं, दोन पोरं तरी आहेत’ हे बोलू नका. ‘त्यांची आठवण येते’ एवढं बोला आणि गेलेल्याचं नाव घ्या. पंधरा दिवसांनी गर्दी ओसरते, तेव्हा परत जा. त्यानंतर पेरणीच्या वेळी जा, कारण तिफण धरणारा हात नाही हे त्या दिवशी पुन्हा नव्याने कळतं.

एखादा माणूस सारखा ‘आता काय राह्यलं’, ‘माझ्यामागे तुम्ही सुखी व्हाल’ असं बोलू लागला, हिशेब आवरू लागला, झोप आणि जेवण तुटलं, तर आडवळणाने नको, सरळ विचारा: ‘भाऊ, जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. विचारल्याने बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरातली फवारणीची औषधं त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी कुलपात हलवा, 14416 या टेलि-मानसच्या क्रमांकावर फोन लावा (दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलतात), आणि ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात सोबत जा. कुणी काही प्यायलंच असेल तर उलटी करवत बसू नका, डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा, रुग्ण बरा दिसत असला तरी. उदासीनतेचा आजार हा आजार आहे. त्याच्या गोळ्यांचा गुण यायला 2 ते 4 आठवडे किंवा अधिक लागतात, तेवढ्यात ‘विश्वासाने गोळ्या सोड’ म्हणणाऱ्या माणसाला त्या घरापासून दूर ठेवा. असं मरण आलेल्याच्या घरी तो स्वर्गात गेला की नाही याची चर्चा मंडळीने तोंडातून काढू नये.

गट कसा चालवावा

4 ते 6 जण, पुरुषांचा वेगळा, बायकांचा वेगळा. 15 दिवसांतून एकदा, सव्वा तास, एकूण 6 बैठका. फोन बंद करून दाराशी टोपलीत. पहिली 10 मिनिटं स्तोत्र वाचन, मग प्रत्येकी 10 मिनिटं बोलणं. कोणी बोलत असताना सल्ला द्यायचा नाही, वचन सांगायचं नाही, ‘माझंही असंच झालं’ म्हणून मध्ये शिरायचं नाही. बोलणं संपल्यावर एकानेच विचारायचं: ‘तुला आमच्याकडून काय हवं आहे?’ बहुतेक जण म्हणतात, काही नाही, ऐकलं तेवढं बस.

गट फुटतो तो एकाच कारणाने, ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून बाहेर गेलेल्या बातमीने. ‘त्या ताईसाठी प्रार्थना करा, घरी जरा गडबड आहे’ एवढ्या वाक्यात अख्ख्या गावाला कळतं. म्हणून ज्याची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय घरी, पाळकांनाही, सांगायची नाही. अपवाद दोनच, कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा लेकराचा छळ होत असेल, आणि हे पहिल्या बैठकीतच सांगून ठेवावं. पाळकांनी आपल्याच मंडळीच्या गटात बसू नये, लोक मोकळे होत नाहीत. त्यांनी दुसऱ्या तालुक्यातला एखादा सहसेवक गाठावा आणि महिन्यातून एकदा भेटावं. सगळ्यांचं ऐकणाऱ्याचं कोणीच ऐकत नाही, ही फार जुनी चूक आहे.

12 आठवड्यांनी तपासणी

स्वतःला गुण देऊ नका. घरच्यांना विचारा, एकेकट्याला, आणि प्रश्न एवढेच: मी घरात आलो की तुला कसं वाटतं? या तीन महिन्यांत मी माफी मागितली का, कधी? माझ्याजवळ कोणती गोष्ट बोलायची तुला अजून भीती वाटते? उत्तर ऐकताना ‘पण’ म्हणायचं नाही. लेकरू ‘काही नाही’ म्हणून निघून गेलं तर तेही उत्तर आहे, जोर करू नका, महिन्याने पुन्हा विचारा. बायको म्हणाली काहीच फरक पडला नाही, तर तिला ‘कशात?’ एवढंच विचारा, ती सांगेल ती एक गोष्ट वहीत लिहा, आणि पुढचे 12 आठवडे तेवढ्या एकाच गोष्टीवर काम करा.